वाळवंटातली युक्ती, खान्देशातलं वावर: कमी पाण्यात खायचं कसं पिकवायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, खान्देश म्हणजे काही वाळवंट नाही. जैसलमेरला वर्षाला २०० मिमीच्या आतच पाऊस पडतो आणि आपल्या शिंदखेडा, अमळनेर, पारोळा पट्ट्यात एखादं वाईट वर्ष सोडलं तर ५०० च्या आसपास होतोच. म्हणजे त्यांच्या अडीचपट. तरी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली की विहिरीचा तळ दिसतो, टँकर सुरू होतो आणि आपण आभाळाला शिव्या देत बसतो. मग २०० मिमीत ते लोक हरभरा पिकवतात तो कसा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला बोअरवाल्यांना दोनदा पैसे देऊन झाल्यावर समजलं.

माझं वावर शिंदखेड्याच्या बाजूला, अडीच एकर. त्यातलं दीड एकर बरड, वर वीतभर माती अन खाली मुरूम, आणि खालच्या अंगाला एक एकर त्यातल्या त्यात काळी. पहिल्या बोअरला पाणी लागलं पण दोन वर्षांत आटलं, दुसऱ्यातून नुसती धूळ निघाली, त्या दिवशी घरी जेवलो नाही. त्याच हिवाळ्यात चुलतभावाच्या ट्रकवर रावेरची केळी घेऊन राजस्थानात गेलो, माल खाली केला आणि परतीचं भाडं लागेना म्हणून दोन दिवस जैसलमेरकडे अडकून पडलो. तिथे एका माणसाने खडीन दाखवलं. वरती खडकाळ उघडा उतार, खाली शंभर-दोनशे मीटर लांबीचा मातीचा बांध, पावसाचं पाणी उतारावरून घरंगळत येतं, बांधाला अडतं, तिथेच मुरतं, आणि पाणी ओसरलं की त्या ओलीवर हरभरा, गहू पेरतात. पुढे एक पाणी पण देत नाहीत. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकात तिकडे ही पद्धत बसवली असं सांगतात. मला धक्का बसला तो दुसऱ्या गोष्टीचा, पेरलेल्या जमिनीच्या पंधरापट वगैरे उतार नुसता मोकळा सोडलेला असतो. मी म्हटलं एवढी जमीन पडीक कशाला ठेवता, तो म्हणाला पडीक कुठंय, तिच्यावरूनच तर पाणी येतं.

आमचे आबा अहिराणीत म्हणायचे, "पानी देखीसन पेर रे पोऱ्या". तेव्हा वाटायचं ढग बघून पेर म्हणताहेत. आता वाटतं ते क्षेत्राबद्दल बोलत होते. आपण सातबाऱ्यावर जेवढं क्षेत्र आहे तेवढं सगळं पेरतो आणि मग पाणी शोधत फिरतो, वाळवंटातला माणूस पाणी किती थांबणार ते बघतो आणि तेवढंच पेरतो. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, बाकी घागर, आच्छादन, ठिबक ही नंतरची कामं.

आधी हिशोब, मग कुदळ

एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे ५०० मिमीला एका एकरावर वीस लाख लिटर पाणी पडतं भो, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, फुकट. हे जातं कुठे? थोडं मृगा-आर्द्राच्या तडाख्यात नाल्याने वाहून जातं, आणि राहिलेल्यातलं बरंच उडून जातं. उडणं डोळ्याला दिसत नाही म्हणून आपण ते मोजतच नाही. एक काम करा, मे महिन्यात एक पसरट घमेलं पाण्याने भरून वावरात उघड्यावर ठेवा, आत खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत अन त्या वाऱ्यात बोटभर पाणी गायब असतं. दहा मिमी जरी धरलं तरी ३० बाय ३० मीटरच्या उघड्या शेततळ्यातून दिवसाला नऊ हजार लिटर उडतं, तीन महिन्यांत आठ लाख. शेततळं वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण पाणी साठवायची सगळ्यात स्वस्त टाकी म्हणजे माती, तिच्यात खोल गेलेलं पाणी सूर्याला सहज सापडत नाही.

म्हणून माती बघा. तीन फूट खड्डा घ्या, कुठे किती खोल काय लागतं ते लिहून ठेवा. चांगली काळी माती एक मीटर खोलीत साधारण १५० ते २०० मिमी पाणी पिकासाठी धरून ठेवते, रेताड-मुरमाड जमीन त्याच्या निम्मं पण नाही. आणि पाणी मुरतं किती वेगाने ते पण बघा, तेलाचा पंधरा किलोचा डबा दोन्ही बाजूंनी कापायचा, चार बोटं जमिनीत ठोकायचा, आत पाणी ओतायचं अन मोबाईलवर टाइम लावायचा. माझ्या बरडात पाणी बघता बघता गेलं, खालच्या काळीत चहा पिऊन आलो तरी होतं. यावरूनच ठरलं की काळीत ओल साठवून रब्बी घ्यायचं आणि बरडात पावसाबरोबर पटकन येणारं पीक आणि झाडं. उलटं करायला गेलात तर दोन्ही जातात, मी एक वर्ष करून बघितलंय.

पाणी अडवायचं कसं

मी बरडाचे दोन भाग केले. वरचा एक एकर मोकळा, नांगरायचा नाही, वखरायचा नाही, फक्त झाडोरा आणि दगडगोटे एका बाजूला केले. खालचा अर्धा एकर पेऱ्याचा. हिशोब असा की वरच्या एकरावरच्या पावसातला चौथा हिस्सा जरी घरंगळून खाली आला, म्हणजे १२५ मिमी, तर अर्ध्या एकरावर तो २५० मिमी होतो, त्यात तिथला स्वतःचा ५०० आहेच. साडेसातशे मिमीचं वावर झालं की हो, बोअर न मारता. जैसलमेरला पंधरापट उतार लागतो कारण पाऊसच नाही, आपल्याला दुप्पट पुष्कळ झाला. भाऊबंद हसले, म्हणे एकरभर वावर पाडून ठेवलं येड्याने. शेजाऱ्याची बाजरी पोटऱ्यात वाळली त्या वर्षी माझी दाण्याला आली, तेव्हापासून हसणं कमी आहे, बंद नाही झालं.

बांध घालायचा तो उताराला आडवा आणि समपातळीत, नजरेने लाईन धरायची नाही, नजर फसवते. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, दोघं जण दोन टोकं दोन काठ्यांना बांधून उभे राहा, दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की तिथे फक्की टाका आणि पुढे सरका. दीड एकराला अर्धा दिवस पण लागत नाही. बांधाची माती वरच्या अंगाने उचलायची म्हणजे तिथे चर तयार होतो, पायाने तुडवून घट्ट करायचा, वर मारवेल गवताचे ठोंब लावायचे, ते माती धरतात आणि बैलाला चारा पण होतो.

आणि सांडवा. हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. पहिल्या वर्षी मी सांडवा ठेवलाच नाही, मला वाटलं एक थेंब पण सोडायचा कशाला, लोभ. मघा नक्षत्रात एका रात्री ढगफुटीसारखा पडला आणि सकाळी जाऊन बघतो तर बांध मधोमध फुटलेला अन माझी चांगली माती खालच्या वावरात पसरलेली, ज्याचं वावर तो म्हणतो थँक्यू. तर बांधाच्या टोकाला, जिथे जमीन घट्ट आहे तिथे, बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली तीन-चार फूट रुंद तोंड ठेवायचं आणि ते दगडांनी पिचिंग करायचं. जास्तीचं पाणी तिथून शांतपणे जातं. बाकी कशात पण कंजूसी करा, दगडात नाही.

झाडांना अख्खा बांध लागत नाही, प्रत्येक झाडाला खालच्या अंगाने चंद्रकोरीसारखी मातीची पाळ, तोंड चढाकडे, दोन टोकांमधलं अंतर तीन-चार मीटर. इस्रायलमध्ये नेगेवच्या वाळवंटात प्रत्येक झाडाला असाच एक छोटा उतार वाटून दिलेला असतो, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी नबाती लोक ओढ्याचं पाणी अडवून शेती करायचे आणि पाऊस शंभर मिमी.

ज्यांच्या बरडावर वरून कडक पापडी धरते आणि पाणी मुरायच्या आधीच पळतं त्यांनी खड्डे पद्धत करावी. ही आफ्रिकेतल्या बुर्किना फासोची, तिकडे झाई म्हणतात, याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात ती सुधारून पडीक जमीन परत उभी केली, २०१८ ला त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. उन्हाळ्यातच, म्हणजे आखाजी ते मृग या मोकळ्या टायमात, वीतभर रुंद आणि वीतभराला थोडे कमी खोल खड्डे दोन-अडीच फुटांवर घ्यायचे, काढलेली माती खालच्या बाजूला पाळीसारखी लावायची, प्रत्येक खड्ड्यात दोन मुठी कुजलेलं शेणखत टाकायचं आणि वर थोडा पाला. खताच्या वासाने वाळवी येते, घाबरू नका, ती जमिनीत भोकं पाडते आणि पाणी त्याच भोकांतून खाली जातं, सावादोगोने वाळवीलाच मजूर केलं होतं. पहिला पाऊस झाला की खड्ड्यात बाजरीचे पाच-सहा दाणे टोकायचे, उगवल्यावर दोन-तीन ठेवायचे. पण काळ्या जमिनीत हे करू नका, खड्ड्यात पाणी तुंबून मुळ्या सडतात. युट्यूबवर बघून एकाने काळीत केलं आमच्या गावात, बाजरी पिवळी पडून बसली.

आखाजीची घागर

हा माझा आवडता विषय म्हणून थोडा लांबेल. वाळवंटी भागात भाजीपाल्याला जमिनीत मडकं पुरून पाणी देतात, चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे हे. आणि आपल्याकडे काय असतं, आखाजीला प्रत्येक घरात पितरांची घागर भरली जाते, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुजा होते, आणि नंतर ती घागर वर्षभर कोपऱ्यात धूळ खाते. मी गल्लीतल्या सगळ्या माय-मावश्यांना सांगून ठेवलंय, जुनी घागर फेकू नका, मला द्या. दोन वर्षांत तीस जमल्या. नाही जमल्या तर आखाजीनंतर आठ दिवसांनी कुंभाराकडे जा, उरलेल्या स्वस्तात देतो.

घागर कच्च्या लाल मातीची, बिनरंगाची पाहिजे. पहिल्या लॉटमध्ये मी हौसेने नक्षी काढलेल्या, ऑइलपेंट मारलेल्या सहा घागरी पुरल्या, पाणी काही कमी होईना, मला वाटलं वा काय बचत आहे, आणि इकडे गिलक्याचे वेल सुकून गेले. पेंटने सगळी छिद्रं बंद झालेली. तर पुरायच्या आधी टेस्ट करायची, पाणी भरून रात्रभर सावलीत ठेवा, सकाळी बाहेरून सगळीकडे घाम आलेला दिसला तर पास. एका जागेहून थेंब गळत असेल तर तडा आहे, ती चिमण्यांना पाणी ठेवायला घ्या.

घागरीच्या दीडपट रुंद खड्डा, काढलेल्या मातीत निम्म्याला निम्मं शेणखत, घागर बसवायची आणि चारी बाजूंनी माती हाताने दाबत भरायची, पोकळी राहिली तर तिथे पाणी झिरपत नाही कारण मातीने घागरीला चिकटायला पाहिजे. गळा दोन बोटं जमिनीच्या वर. त्यावर चपटा दगड किंवा पणती पालथी, नाहीतर डास होतात अन खारूताई पडून मरते. घागरीच्या कडेपासून वीतभर अंतरावर चार बाजूंना चार बिया, आणि उगवेपर्यंत आठ-दहा दिवस वरून पण थोडं पाणी द्यायचं कारण बी एवढं लांबचं पाणी ओढू शकत नाही. एकदा मुळं घागरीला पोचली की झालं, माती सुकली की ती स्वतःच पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. ना टायमर ना लाईट जायची भीती.

आठ लिटरची घागर मे महिन्यात मला तीन-चार दिवसांनी भरावी लागते. तीस घागरींना तीन दिवसाला २४० लिटर, म्हणजे दिवसाला ८० लिटर, पाच-सहा हंडे. एवढ्यात १२० वेल आणि झाडं, गिलकी, दोडकी, कारली, दुधी, डांगर, वांगी. घरात सात माणसं, उन्हाळ्यात भाजी विकत आणली नाही, वर बहिणीकडे पिशवी जाते. गहू, कांदा, मेथी असलं दाट पेरायचं पीक घागरीवर होत नाही, त्यात डोकं लावू नका. भांडी घासलेलं साबणाचं पाणी पण घागरीत ओतू नका, छिद्रं बुजतात. ते झाडांच्या आळ्यात चालतं. हंगाम संपला की घागर उकरून काढायची, बाहेर पांढरा क्षार बसलेला असतो तो काथ्याने घासायचा, जास्तच असेल तर लिंबाच्या पाण्यात भिजवून घासायचा. मग दोन-तीन वर्षं आरामात जाते.

ठिबकाबद्दल दोन शब्द, जळगावच्या शेजारी राहून ठिबकावर ज्ञान देणं म्हणजे अवघडच. हे तंत्र पण वाळवंटातलंच, सिम्खा ब्लास नावाच्या इंजिनिअरचं, १९६५ ला नेगेवमधल्या हात्झेरिम गावात त्याचा कारखाना निघाला, आणि आपल्याकडे वाकोदच्या भवरलाल जैनांनी ते घरोघरी नेलं. उत्तम आहे. पण एक होतं, ठिबक लावलं की पाणी वाचलं म्हणून आपण अजून दोन एकर केळी वाढवतो आणि विहीर होती त्याच्या आधीच आटते. पाणी वाचवायला लावलं तर क्षेत्र वाढवू नका, एवढंच.

उघडी जमीन आणि वारा

पाणी मुरल्यावर त्याला झाकायचं. चार बोटं जाड थर, त्याहून पातळ केलात तर वाऱ्याने उडतो. केळीची सुकी पानं आपल्याकडे ढिगाने मिळतात, उसाचं पाचट, बाजरीचा सरमाड, तुराट्या, जे असेल ते. पऱ्हाट्यांचं मात्र बघून, कपाशीच्या पऱ्हाट्यांत अन वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी बसलेली असते, अख्ख्या पऱ्हाट्या वावरात पसरवल्या तर पुढच्या वर्षी पूर्ण गावाच्या कपाशीला भोगावं लागतं, म्हणून श्रेडरमधून बारीक करून कुजवून वापरा. झाडाच्या खोडाला आच्छादन चिकटवायचं नाही, हातभर मोकळं, नाहीतर वाळवी साल खाते. काळ्या जमिनीत आच्छादन मिळालं नाही तर कोळपं चालू ठेवा, भेगा बुजल्या की आतलं पाणी आत राहतं, जुनी माणसं कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते उगीच नाही.

वाऱ्याला कोणी मोजत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून जो भणभण वारा सुटतो तो उन्हापेक्षा जास्त पाणी पितो. त्या बाजूला शेवरी, एरंडी किंवा तुरीच्या दोन ओळी घ्या, बाहेरून शेवगा. आडोसा जेवढा उंच त्याच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा नरम पडतो. एकदम भिंतीसारखा गच्च आडोसा करू नका, वारा वरून उडी मारून आत घुमतो, थोडा झिरपता पाहिजे. भाजीच्या तुकड्यावर ५० टक्क्यांची हिरवी नेट एप्रिल-मे मध्ये टाकली तर फरक दिसतो, पण माझ्याकडची वावटळीने दोनदा नेली, त्यामुळे आता तुरीच्या सावलीवरच भागवतो.

पेरायचं काय

बरडात बाजरी. ज्वारीपेक्षा कमी पाण्यात आणि ७५-८५ दिवसांत मोकळी. धनशक्ती नावाचं वाण बघा, त्यात लोह जास्त आहे आणि ते संकरित नाही म्हणजे बी घरचं ठेवता येतं, राहुरी विद्यापीठाचं बाजरीचं काम आपल्या धुळ्यातच चालतं, तिथे विचारायला काही पैसे पडत नाहीत. बाजरीच्या दोन ओळींमागे एक ओळ मटकीची. मटकी म्हणजे खरं वाळवंटी पीक, जमिनीवर पसरते, स्वतःच आच्छादन होते आणि ६०-६५ दिवसांत येणारी वाणं आहेत तिची. पाऊस लांबला तर मटकी अन कुळीथ, ऑगस्टपर्यंत पण चालतं. गवार, चवळी, तीळ हे पण त्याच जातीचे चिवट. पेरणीच्या आदल्या रात्री बाजरी किंवा हरभरा सात-आठ तास पाण्यात भिजवा, सावलीत वरवर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा, दोन दिवस आधी उगवतं आणि कोरड्या जमिनीत ते दोन दिवस फार मोठे असतात. सोयाबीनला हे करायला जाऊ नका, साल निघून बी वाया जातं.

काळीत दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. आता नवीन पोरांना दादर माहीत नाही, शाळू-बिळू म्हणतात. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत आपले पूर्वज पाऊस संपल्यावर नुसत्या ओलीवर दादर काढत होते, खडीनमध्ये जे चालतं तेच आहे हे, आपल्याच दारात. पावसाळाभर जमीन मोकळी ठेवून वखरत राहायचं, तण होऊ द्यायचं नाही कारण तण म्हणजे दुसऱ्याचं तोंड, आणि सप्टेंबरअखेरीला ओलीत पाभरीने खोल पेरायचं. पुढे फक्त कोळपणी. उत्पन्न हायब्रीडपेक्षा कमी, पण भाकरीची चव आणि कडब्याचा भाव दोन्ही बघा. कळण्याची भाकरी अन भरीत असलं की आमच्याकडे दुसरं काही विचारत नाही कोणी.

नदीची रेती असेल कोणाकडे, तर तापी-गिरणेच्या पात्रातल्या डांगर-टरबुजाच्या वाड्या आठवा. ओली रेती लागेपर्यंत चर खणायचा, तळात शेणखत, त्यात बी, वाऱ्याच्या बाजूने गवताचा आडोसा. शुद्ध वाळूतली शेती आणि ती आपल्याला कोणी परदेशातून शिकवलेली नाही.

फळझाडांत पहिला नंबर बोर. आपल्या जळगावात मेहरूणची बोरं गाजलेली आहेत आणि आपण डाळिंबाच्या मागे धावतो. बोराची हुशारी अशी की ऐन उन्हाळ्यात पानं टाकून झोपून जातं, पाणीच मागत नाही, पावसावर फुटतं आणि हिवाळ्यात फळ देतं. नर्सरीतलं कलम लावण्यापेक्षा जागेवरच गावठी बोराचं बी लावा, त्याचं सोटमूळ सरळ खाली जाऊ द्या, पिशवीत ते मूळ वाकडं होतं आणि मग झाड आयुष्यभर वरचं पाणी मागतं. रोप पेन्सिलएवढं जाड झालं की जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. छाटणी एप्रिलअखेर, दरवर्षी, दया न करता, कारण फळ नव्या फुटीवर येतं. शेवगा पण लावा, तीन-चार फुटांवर शेंडा मारत राहा. सीताफळ बांधावर, त्याला बकरी पण तोंड लावत नाही.

खजुराचं खूप जण विचारतात, व्हिडिओ बघून. झाड खाऱ्या पाण्यात अन उन्हात राहतं हे खरं, पण फळ पिकायच्या वेळेला पाऊस चालत नाही. कच्छमध्ये म्हणून ते खारकेच्या अवस्थेतच, पिवळी-लाल कडक असताना तोडतात आणि ताजी विकतात. आपल्याकडे पाऊस जूनमध्येच येतो, त्यात नर-मादी झाडं वेगळी, परागीकरण हाताने, रोप महाग. घरापुरती दोन-चार लावा, कर्ज काढून एकरभर नको. आणि उन्हाळी टोमॅटो नको, दिवसाचं टेम्परेचर ३५-३८ च्या वर गेलं की फूल गळतं, कितीही पाणी द्या. भेंडी, गवार, चवळी टिकतात.

खारं पाणी

खोल बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागतं. तपासून घ्या, फार पैसे लागत नाहीत. कांदा, घेवडा, केळी क्षाराला नाजूक, बार्ली, कपाशी, ज्वारी, खजूर सहन करतात. ठिबकात क्षार ओल्या गोळ्याच्या कडेला जाऊन बसतो, पांढरी रांगोळी दिसते तो. आणि पहिल्या पावसात तोच क्षार धुऊन मुळांकडे येतो, झाड पावसात भिजून पण कोमेजतं, लोक म्हणतात रोग आला. म्हणून पहिला पाऊस हलका पडला तर ठिबक बंद करू नका, चालू ठेवा, क्षार खाली ढकलला जाईपर्यंत. सरी-वरंब्यावर लावत असाल तर रोप वरंब्याच्या माथ्यावर नको, क्षार माथ्यावरच चढतो, बगलेत लावा.

राहिलं एक, आणि हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत. मे महिन्यात पाच किलोमीटरमध्ये हिरवं फक्त तुमच्याकडे असेल तर सगळे पाहुणे तुमच्याकडेच येणार. रोही, रानडुकरं, मोर, शेजारणीची बकरी. माझी पहिल्या वर्षीची डांगरं एका रात्रीत डुकरांनी संपवली, साल पण ठेवली नाही. बाभळीच्या अन गावठी बोराच्या काट्यांच्या फांद्या बुडखा बाहेर अन शेंडा आत अशा नको, उलट्या रचा, शेंडा बाहेर, आणि दोन फांद्या एकमेकांत अडकवत जा म्हणजे एक ओढली तर पूर्ण कुंपण हलतं पण निघत नाही. कुंपण आधी आणि बी नंतर. घागरी भरायला संध्याकाळी गेलात की एक चक्कर कुंपणाला मारायची, जिथे माती उकरलेली दिसेल तिथे त्याच दिवशी दगड ठेवायचा, उद्यावर टाकलं तर रात्री ते परत येतात.